रात्रीं विचारलेला प्रश्न

ज्या प्रश्नास दिवसाउजेडीं तोंड फोडतां येत नाहीं, तो प्रश्न विचारणें मुळांतच पाप आहे काय? आणि असा प्रश्न कोणी आपल्या हातांतील लहानशा यंत्रास गुपचूप विचारला व त्यास खरें उत्तर मिळालें, तर त्या यंत्रानें चांगलें केलें कीं वाईट केलें? ह्या दोन गोष्टींचा विचार आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. विषय नाजूक आहे. वडील माणसांदेखत हा लेख मोठ्यानें वाचण्यास कोणास संकोच वाटला तर नवल नाहीं. परंतु ज्या विषयामुळें घरेंच्या घरें बसलीं, त्याविषयीं संकोच धरून बसणें आतां पुरे झालें.

सोलापुरांतील सात रस्ता हा चौक आपल्यापैकीं पुष्कळांच्या पायाखालचा आहे. नांवाप्रमाणें तेथें वाटा एकत्र येतात. सगळें शहरच तसें आहे. पुणें, हैदराबाद व विजापूर येथील हमरस्ते ह्या शहराशीं येऊन भिडतात. यंत्रमागांवर व विड्या वळण्याच्या कामावर हजारों हात राबतात. मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू ह्या भाषा एकाच बाजारांत ऐकूं येतात. ट्रकवरचा चालक आठ आठ दिवस घराबाहेर असतो. ऊंस तोडणारीं जोडपीं हंगामभर गांव सोडतात. जेथें इतकीं माणसें येतात व जातात, तेथें त्यांचे मोहहि त्यांच्याबरोबर येतात, आणि मागोमाग रोग येतो. ही कांहीं एकट्या सोलापुराची गोष्ट नव्हे. देशांत एच.आय.व्ही.ची बाधा असलेलीं सुमारें २५ लाख माणसें आहेत असा सरकारी अंदाज आहे. त्यांत सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची, म्हणजे सुमारें ४ लाख आहे.

आतां ज्यास आपल्या शरीराविषयीं शंका येते, असा मनुष्य प्रथम कोठें जातो? बहुधा डॉक्टराकडे जात नाहीं. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर व मुतारीच्या दारावर 'गुप्तरोगावर खात्रीचा इलाज' अशीं अक्षरें त्यानें वाचलेलीं असतात. तो तेथें जातो. हा वैद्य आपल्या गिऱ्हाइकास प्रथम गुप्ततेचें वचन देतो, आणि खरें पाहतां त्या वचनाचेच पैसे घेतो. गर्मी असो, परमा असो, किंवा केवळ तरुणपणाची निराधार भीति असो, पुडी एकच. वास्तविक सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' ह्या नांवाची सोय आहे. तेथें लक्षणांप्रमाणें निरनिराळ्या रंगांचे औषधांचे सात संच ठरविलेले आहेत आणि ते फुकट मिळतात. पण तेथें रांग असते, आणि रांगेंत आपल्याच आळींतलें कोणी तरी असतें.

अज्ञान किती आहे हें पाहावें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत एच.आय.व्ही.विषयीं पुरतें ज्ञान असलेल्या स्त्रिया शेंकडा २२ व पुरुष शेंकडा ३१ एवढेच आढळले. शाळेंत हें शिकवावें म्हणून एक योजना आली, तर २००७ सालीं आपल्याच महाराष्ट्रांत तिला बंदी झाली. घरांत आईबाप बोलत नाहींत, शाळेंत मास्तर धडा उलटून पुढें जातात, आणि रविवारीं उपदेशक 'शुद्धता' हा एक शब्द उच्चारून दुसऱ्या विषयाकडे वळतात. मग मुलगा विचारणार कोणास? त्याच्या खिशांत मोबाइल आहे. तो रात्रीं पांघरुणांत त्यालाच विचारतो. निकदेमहि रात्रींच आला होता. आणि रात्रीं कां आलास म्हणून त्याला कोणी दारांतून परत लाविलें नाहीं.

मराठी मुलखाला हा अनुभव नवा नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे हे गृहस्थ मुंबईच्या विल्सन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा पुरस्कार ते उघडपणें करूं लागले, तेव्हां त्यांना ती जागा सोडावी लागली. विल्सन कॉलेज मिशनचें होतें, हें येथें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. १९२७ सालीं त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' हें मासिक काढलें व १९५३ सालीं मरेपर्यंत तें चालविलें. ते ईश्वर मानीत नसत, आणि विवाहनीतीविषयींचीं त्यांचीं कित्येक मतें आम्हांस मान्य होण्यासारखीं नाहींत. परंतु त्या मासिकांत वाचकांच्या पत्रांना उत्तरें येत, आणि ज्या शंका बोलून दाखविण्यास जगांत दुसरी जागा नव्हती अशा शंका लोक तेथें लिहून पाठवीत. ह्या उत्तरांबद्दलच १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनें बॅरिस्टर म्हणून उभे राहिले ते डॉ. भीमराव आंबेडकर. लोकांच्या शंका ह्याच विषयावरच्या असतील, तर उत्तर दुसऱ्या कोणत्या विषयावर द्यावयाचें, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. खटला हरला व कर्व्यांस दंड झाला. पण पोस्टाची पेटी आणि मासिक ह्यांच्या योगानें जें काम तेव्हां झालें, तेंच आज मोबाइल करूं पाहत आहे. विचारणाऱ्याचें तोंड दिसत नाहीं, म्हणून तो खरें बोलतो.

हीं नवीं साधनें कोणतीं, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण खेड्यांतील आमच्या उपदेशकांना तीं ठाऊक असतीलच असें नाहीं. १०९७ हा राष्ट्रीय क्रमांक आहे; कोणत्याहि फोनवरून, साध्या बटणांच्या फोनवरूनसुद्धां, पैसे न पडतां लागतो, आणि पलीकडे माणूस बोलतो. नॅको ह्या सरकारी संस्थेचें ॲप आहे. पॉप्युलेशन फाउंडेशन ऑफ इंडिया ह्या जुन्या संस्थेनें 'स्नेहएआय' नांवाचें एक बोलकें यंत्र तयार केलें आहे. त्यास तरुण मुलामुलींनीं हिंदींत प्रश्न लिहावा व त्यानें उत्तर द्यावें, अशी योजना आहे. २००८ सालीं तर 'कंडोम, कंडोम' असें गाणारी फोनची घंटाच बी.बी.सी.च्या सेवाभावी शाखेनें आपल्या देशांत काढिली होती! चारचौघांत ती वाजली म्हणजे लोक हंसत. आणि हंसतां हंसतां त्या शब्दाची भीति मोडावी हाच तिचा हेतु होता. आम्हांस स्वतःला ती घंटा मंडळीच्या सभेंत वाजलेली आवडली नसती. पण युक्ति वाईट होती असें म्हणवत नाहीं.

अशा साधनानें जें कळतें तें क्षुल्लक नसतें. धोक्याचा संबंध झाला, किंवा एखाद्या स्त्रीवर जुलूम झाला, तर ७२ तासांच्या आंत, आणि जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, औषध सुरू करून तें २८ दिवस घेतलें, तर बाधा टळण्याचा पुष्कळ संभव असतो. हें रात्रीं दोन वाजतां कळलें तर उपयोगाचें. पुढच्या आठवड्याच्या बाजारीं कळून काय उपयोग? दुसरें असें कीं, संबंधानंतर लगेच केलेली तपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत होतां येत नाहीं. तीन महिन्यांनीं पुन्हां करावी लागते. तिसरी गोष्ट तर पुष्कळांच्या कानावरहि गेलेली नाहीं. ज्याचे उपचार नीट चालू आहेत व ज्याच्या रक्तांत विषाणु तपासणींत सांपडत नाहींसा झाला आहे, त्याच्याकडून संबंधाद्वारें दुसऱ्यास बाधा होत नाहीं. सरकारी औषध २००४ पासून मोफत मिळतें. म्हणजे हा रोग म्हणजे मरणाची चिठ्ठी, ही समजूत आतां खोटी ठरली आहे. असें असतां ती समजूत धरून कित्येक जण अद्यापि तपासणीस जात नाहींत, व न जाण्यानेंच मरतात.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो उथळ नाहीं. वडील माणसें म्हणतात, 'निरोध कसा वापरावा हें तुम्ही मुलाला फोनवर शिकवितां, म्हणजे पापाला छत्री देतां. पूर्वीं निदान भीति तरी होती.' ह्या बोलण्यांत जें खरें आहे तें मान्य केलें पाहिजे. यंत्र 'असें केलें तर रोग होणार नाहीं' एवढें सांगतें. 'असें करावें काय' हें तें सांगत नाहीं. रोगापासून वांचलेलें शरीर म्हणजे निर्मळ मन, असा घोटाळा तरुण मनांत होऊं शकतो.

पण भीतीनें आजवर कोणास वांचविलें हेंहि विचारून पाहावें. भीतीनें माणूस मोहापासून दूर राहिला असता, तर त्या भिंतींवरच्या वैद्यांचीं घरें चाललीं नसतीं. भीतीनें तो फक्त तपासणीपासून दूर राहिला. आणि त्याची किंमत कोणीं दिली? पुष्कळदां ती त्याच्या बायकोनें दिली. ती गांवीं आपल्या शेतावर व चुलीपाशीं होती. तिच्या मनांत परपुरुषाचा विचारहि नव्हता. आणि पहिल्या बाळंतपणाच्या वेळीं रक्त तपासलें तेव्हां तिला कळलें. सासरचे म्हणाले, हिनेंच आणलें, कारण तपासणी तिची झाली होती, त्याची नव्हती. पाप न करणाऱ्यास शिक्षा पोंचविणारी ही भीति नीतीची राखण करते असें कोणत्या तोंडानें म्हणावें? ज्या नवऱ्यानें मोह टाळला नाहीं, त्यानें निदान रोग घरीं आणूं नये, एवढें जर एखाद्या यंत्रानें साधलें, तर त्यानें त्या स्त्रीवर उपकार केले. 'असें करावें काय' हें सांगणें यंत्राचें काम नाहींच. तें पाळकाचें, आईबापांचें, मित्राचें काम आहे. तें आपण करीत नाहीं म्हणून यंत्रानें उपदेश करावा अशी अपेक्षा धरणें हा आळस झाला.

यंत्राचा गुण मानतांना त्याची मर्यादाहि पाहिली पाहिजे. आफ्रिकेंतील केनिया देशांत ५३८ रुग्णांवर एक प्रयोग झाला व तो २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं अर्ध्या रुग्णांस दर आठवड्यास मोबाइलवर एकच शब्द येई, 'मांबो?' म्हणजे, कसें काय? रुग्णानें 'सावा', म्हणजे ठीक, किंवा 'शिदा', म्हणजे अडचण आहे, असें उलट लिहावयाचें. अडचण आहे असें लिहिलें, किंवा दोन दिवसांत कांहींच लिहिलें नाहीं, तर परिचारिका स्वतः फोन करी. वर्षानंतर अशा रुग्णांत विषाणु दबल्याचें प्रमाण शेंकडा ५७, आणि ज्यांना संदेश नव्हता त्यांच्यांत ४८ आढळलें. मग आपल्याकडे दक्षिण हिंदुस्थानांत ६३१ रुग्णांवर असाच प्रयोग झाला; त्याचा निकाल २०१४ सालीं आला. येथें औषधाची आठवण देणारा यंत्राचा आवाज व एक चित्र फोनवर जात असे. परिणाम? औषध लागू पडण्यांत संदेश मिळालेल्यांत व न मिळालेल्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. दोन देशांची परिस्थिति वेगळी, रुग्ण वेगळे, म्हणून एकाच कारणावर बोट ठेवणें धाडसाचें होईल. तरी आम्हांस त्यांत एक फरक ठळक दिसतो. एका ठिकाणीं 'कसें काय' असें विचारणारी बाई फोनच्या पलीकडे बसली होती, आणि दुसऱ्या ठिकाणीं घड्याळ बसलें होतें. आमच्या खेड्यांतून घरोघर हिंडणाऱ्या बायबलबाईला हा फरक कोणी समजावून सांगावा लागणार नाहीं.

दुसरी मर्यादा अधिक कठीण आहे. यंत्रास गुपित सांगितलें, पण यंत्र कोणाच्या हातांत आहे? वरील पाहणींतच असें दिसलें कीं स्वतः वापरावयाचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशांत शेंकडा ५४ च्या आसपास आहेत. खेड्यांत पुष्कळदां घरांत एकच फोन असतो व तो पुरुषाच्या खिशांत असतो. त्यावर 'तुमची औषधाची वेळ झाली' असा संदेश सासऱ्यासमोर उजळला तर त्या सुनेचें काय होईल? मदत करावयास निघालेलें साधन तिला घराबाहेर काढील. आणि गुपितें जेथें एकत्र साठतात तेथून तीं गळतात हेंहि जगानें पाहिलें आहे: २०१९ सालीं सिंगापूर येथें एच.आय.व्ही. असलेल्या १४,२०० माणसांचीं नांवनिशीवार माहिती उघड्यावर फेंकली गेल्याचें प्रसिद्ध झालें. तेथें सरकार व्यवस्थित, कारभार चोख, तरी असें झालें. म्हणून अशा कामास जो हात घालील त्यानें प्रथम हें विचारावें कीं, आपण कमींत कमी किती जाणून घेतलें म्हणजे भागेल? नांव न विचारतां काम होत असेल तर नांव विचारूं नये.

आपल्या देशाचा कायदा ह्या बाबतींत पुष्कळ चांगला आहे. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें समजून दिलेल्या संमतीवांचून कोणाची तपासणी करतां येत नाहीं, कोणाची स्थिति दुसऱ्यास सांगतां येत नाहीं, आणि बाधेच्या कारणावरून नोकरींतून, शाळेंतून किंवा दवाखान्यांतून कोणास काढतां येत नाहीं. गांवांत हा कायदा फार थोड्यांना माहीत आहे. मंडळीच्या पंचांनींहि तो जाणून घ्यावा. प्रार्थनेसाठीं म्हणून एखाद्याचा आजार चारचौघांत नांव घेऊन सांगण्याची जी आपली संवय आहे, तिच्याकडे त्या दृष्टीनें पाहावें.

परंतु गुप्ततेला शेवट आहे कीं नाहीं? ह्या लेखांतला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. समजा, एक तरुण उपदेशकाकडे येतो. त्यानें फोनवर विचारून, धीर करून तपासणी केली. बाधा आहे असें ठरलें. आणि पुढल्या महिन्यांत त्याचें लग्न आहे. मुलगी शेजारच्या गांवची, तिला कांहीं ठाऊक नाहीं. तो म्हणतो, 'हें तुमच्याजवळच राहूं द्या.' उपदेशकानें काय करावें? असाच पेंच आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढें १९९८ सालीं आला होता. एका रुग्णालयाकडून एका गृहस्थाची बाधा उघड झाली व त्याचें ठरलेलें लग्न मोडलें. त्यानें रुग्णालयावर फिर्याद केली. न्यायालयानें म्हटलें कीं, मनुष्यास खासगीपणाचा हक्क आहे खरा, पण जिच्याशीं तो लग्न करणार तिलाहि निरोगी जगण्याचा हक्क आहे, आणि ह्या दोहोंच्या झगड्यांत तिचा हक्क वरचढ आहे.

२०१७ च्या कायद्यानें हीच वाट अधिक बारकाईनें आंखली आहे. बाधा असलेल्या माणसानें दुसऱ्यास ती होऊं नये म्हणून योग्य काळजी घ्यावी, हें त्याचें कर्तव्य ठरविलें आहे. तो जोडीदारास सांगणार नाहीं अशी खात्री झाली, तर डॉक्टरानें किंवा समुपदेशकानें, त्या माणसास आधीं तसें कळवून, जोडीदारास समक्ष भेटून व धीर देऊन सांगावें, अशी मुभा दिली आहे. मात्र बाधा स्त्रीस असेल आणि सांगितल्यानें तिला मारहाण होण्याची किंवा टाकून दिलें जाण्याची भीति असेल, तर तसें सांगूं नये. कायदा करणाऱ्यांनीं आपलीं घरें चांगलीं ओळखलीं होतीं.

आमचें मत असें आहे. प्रश्न विचारणाऱ्याला जी गुप्तता द्यावयाची, ती पूर्ण द्यावी. त्यानें काय केलें, कोठें गेला, हें खोदून विचारूं नये. पण त्या गुप्ततेच्या आडून दुसऱ्याचा जीव जाणार असेल, तर ती राखणें म्हणजे त्या दुसऱ्याविरुद्ध कट करण्यासारखें आहे. यंत्राला हा फरक करतां येत नाहीं. त्याच्यासमोर एकच माणूस असतो. ती मुलगी त्याला दिसत नाहीं. उपदेशकाला ती दिसते, कदाचित् तिचा बाप्तिस्माहि त्यानें पाहिलेला असेल. तरी त्यानें उठून तिच्या बापाकडे जाऊं नये. गांवांत एक वाक्य बाहेर पडलें म्हणजे तें परत येत नाहीं, आणि कायद्यानें सांगण्याची मुभा दिली आहे ती डॉक्टरास व समुपदेशकास, उपदेशकास नव्हे. त्यानें त्या तरुणापाशीं बसावें. एकदां नाहीं, लागेल तितक्या वेळां. लग्न पुढें ढकलण्यास सांगावें, त्यासाठीं दुसरें कारण शोधूं लागल्यास खोटें कारण देऊं नको म्हणावें. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांतील समुपदेशकाकडे त्याच्याबरोबर स्वतः जावें. बाहेर बांकावर बसून राहिलें तरी चालेल. आणि उपचार नीट चालले व विषाणु दबला तर तो लग्न करूं शकेल, त्याला निरोगी मुलें होऊं शकतील, हें त्याला स्वच्छ सांगावें, कारण बहुतेक जण खोटें बोलतात तें सगळें संपलें असें वाटल्यामुळेंच.

मुलीला कळल्यावर ती नाहीं म्हणेल कदाचित्. तो तिचा अधिकार आहे. कदाचित् ती तपासण्यांचे कागद मागेल, डॉक्टराला भेटूं म्हणेल, वर्षभर थांबूं म्हणेल. विवाहाची सूचना मंडळींत वाचण्यापूर्वीं एवढ्या बोलण्यास वेळ मिळावा अशी व्यवस्था पाळकास सहज करतां येईल. आणि समोरासमोर विचारण्यास त्या दोघांची जीभ रेटली नाहीं, तर १०९७ वर एकाच फोनजवळ बसून दोघांनाहि विचारतां येतें.